तांबडा तांदूळ, काळा तांदूळ आणि त्वचेचं वय: गिरणीपासून ताटापर्यंत

तांबड्या तांदळाचा एक दाणा घ्या आणि नखाने खरवडा. वरचा लाल थर निघाला की आतला दाणा पांढराच असतो. काळ्या तांदळाचंही तेच. त्वचेसाठी चांगली म्हणून ज्या द्रव्यांचं नाव घेतलं जातं, ती जवळजवळ सगळी त्या खरवडून निघालेल्या पातळ थरात, म्हणजे कोंड्यात असतात. सडलेल्या, म्हणजे टरफल काढलेल्या, दाण्याच्या वजनात हा कोंडा साधारण दहावा हिस्सा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. रंग हेच आपलं माप. गिरणीत, धुताना, शिजवताना जिथे रंग गेला, तिथे कामाचं द्रव्यही गेलं.

आमच्या कुडाळकडच्या घरात आजी उकड्या तांबड्या तांदळाची पेज रोज करायची आणि बाळंतिणीला तर हटकून द्यायची. तिने ती त्वचेसाठी कधी केली नाही, अंगात ताकद यावी म्हणून केली. आज तोच तांदूळ ‘अँटी-एजिंग’ असा शिक्का मारून चकचकीत पाकिटांत आणि सिरमच्या बाटल्यांत येतो. त्यातलं खरं किती आणि ते आपल्या स्वयंपाकघरात कसं मिळवायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

रंगात नेमकं काय असतं

लाल तांदळाचा रंग प्रोअँथोसायनिडिन नावाच्या द्रव्यांचा. ही तुरट कुळातली मंडळी. काजूचं बोंड खाल्ल्यावर जीभ आखडते, ती अशाच टॅनिनांमुळे. काळ्या-जांभळ्या तांदळात अँथोसायनिन असतात, आणि त्यातलं मुख्य म्हणजे सायनिडिन-३-ग्लुकोसाइड. हे नाव परकं वाटलं तरी द्रव्य आपल्या ओळखीचं आहे, कारण कोकमाच्या लाल रंगातही तेच असतं. मणिपूरच्या ‘चाखाओ’ या काळ्या तांदळाला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि मग तो सगळीकडे माहीत झाला. आता कोकणातही काही शेतकरी काळा भात लावतात.

रंगाशिवाय कोंड्यात आणखी तीन गोष्टी असतात: फेरुलिक आम्ल, गॅमा ओरायझॅनॉल आणि इ जीवनसत्त्वाच्या कुळातले टोकोट्रायनॉल. या साध्या तपकिरी हातसडीच्या तांदळातही मिळतात. लाल आणि काळ्या तांदळात त्यांच्या जोडीला रंगद्रव्यं येतात, एवढाच फरक.

एक गोष्ट मला फार आवडते. तांदूळ मुळात तांबडाच होता. रानटी भाताचा दाणा लाल असतो. आरसी नावाच्या एका जनुकातली १४ अक्षरं गळली आणि रंग बनवण्याचं काम थांबलं. जगातला बहुतेक पांढरा तांदूळ त्या एका गळतीतून आला. म्हणजे सिंधुदुर्गातल्या वालय, बेळा, मुणगा या जाती किंवा रायगडच्या खारपाट्यातला राता ही कुणी नव्याने काढलेली चैन नाही, तांदळाची ती जुनी तऱ्हा आहे.

त्वचेवर याचा परिणाम कसा होतो, आणि किती

त्वचेचा घट्टपणा कोलॅजेनच्या धाग्यांवर असतो. उन्हातले अतिनील किरण आत शिरले की पेशींत उपद्रवी प्राणवायू-कण तयार होतात. त्यांच्या इशाऱ्यावर कोलॅजेन कापणारी विकरं (एन्झाइम) वाढतात आणि नवं कोलॅजेन बनण्याचा वेग मंदावतो. वर्षानुवर्षं हे चाललं की सुरकुत्या, डाग, सैलपणा येतो. समुद्रकाठी मासळी सुकवणाऱ्या बायकांचा चेहरा आणि त्यांच्याच दंडाची झाकलेली आतली बाजू शेजारी शेजारी पाहा. दोन्हीकडे त्वचा एकाच वयाची, फरक केवळ उन्हाचा.

तांदळातली द्रव्यं त्या उपद्रवी कणांना शांत करतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींवर आणि उंदरांवर कोलॅजेन कापणारी विकरं त्यांनी कमी होतात, हेही दिसलं आहे. माणसांवरचे प्रयोग मात्र थोडे आणि लहान आहेत. म्हणून ‘महिन्यात दहा वर्षं तरुण’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खोल पडलेली सुरकुती तांदळाने भरत नाही आणि सैल झालेला गाल वर चढत नाही. मात्र पांढऱ्या तांदळाच्या जागी रंगीत तांदूळ आला, तर रोजच्या ताटातून अशी द्रव्यं थोडी थोडी, वर्षभर मिळत राहतात. मला हा फायदा खरा वाटतो आणि पुरेसाही.

पोटातून त्वचेपर्यंतची वाटही सरळ नाही. अँथोसायनिन मूळ रूपात फार थोडे रक्तात जातात. बाकीचे आतड्यातले जिवाणू फोडतात आणि त्यातून प्रोटोकॅटेच्यूइक आम्लासारखे लहान तुकडे तयार होतात. अंगात प्रत्यक्ष फिरतात ते मुख्यतः हे तुकडे. फेरुलिक आम्लही कोंड्याच्या धाग्यांना घट्ट चिकटलेलं असतं, त्यालाही जिवाणूच सोडवतात. तेव्हा पोट नीट नसेल, ताटात भाजी-कडधान्य नसेल, तर एकट्या तांदळाकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

पहिली पायरी: योग्य तांदूळ आणणं

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. भात गिरणीत गेलं आणि ‘जरा साफ करून द्या’ म्हटलं, की लाल तांदूळ फिकट गुलाबी होऊन परत येतो. घरचं भात असेल तर गिरणीवाल्याला आधीच सांगा. आमच्याकडे मी म्हणते, “काकानू, तूस तेवढा काढा, कोंडो रवांदे.” तूस म्हणजे वरचं टरफल, ते जायलाच हवं. कोंडा राहायला हवा. पूर्वी उखळात कांडून नाही तर घिरटावर भरडून हे आपसूक व्हायचं, कारण हाताने एवढं पॉलिश करायला कुणाकडे वेळ होता?

बाजारात घेताना तीन गोष्टी पाहा. दाणा सगळीकडून सारखा लाल असावा. अधूनमधून रेघ दिसत असेल तर तो अर्धा पॉलिश केलेला. वास घ्या: खवट तेलासारखा आला तर परत ठेवा. शक्य असेल तर यंदाचं भात कोणत्या महिन्यात सडलं ते विचारा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘रत्नागिरी-७’ ही लाल तांदळाची सुधारित जात आहे. गावठी जाती मिळत नसतील तर ती शोधायला हरकत नाही.

काळ्या तांदळात रंग चढवलेला माल येण्याची भीती असते. त्याची चाचणी घरात होते. चमचाभर तांदूळ पाण्यात अर्धा तास ठेवा, पाणी जांभळं होईल. ते दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबाचे थेंब पिळा, दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. अस्सल अँथोसायनिन असतील तर लिंबाची वाटी लालसर गुलाबी होते आणि सोड्याची निळसर-हिरवट. दोन्ही वाट्या जांभळ्याच राहिल्या तर संशय घ्या. लाल तांदळाला ही चाचणी लागू नाही, त्याचा रंग वेगळ्या द्रव्याचा आहे. तिथे नखाने खरवडून बघणंच बरं: आत पांढरं दिसायला हवं, आणि पहिल्याच पाण्यात भडक रंग सुटू नये.

उकड्याबद्दल नेहमी विचारणा होते. भात तुसासकट भिजवून, उकडून, वाळवून मग सडतात, तो उकडा. उकडताना काही रंगद्रव्य पाण्यात जातं, काही दाण्याला घट्ट बसतं. पण त्याच वेळी कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं, त्यामुळे सडल्यावरही ते बरंच उरतं. रंगद्रव्यासाठी सुरय, म्हणजे न उकडलेला आणि न पॉलिश केलेला लाल तांदूळ उजवा. पेजेची चव आणि पचन यांसाठी उकडा. आमच्या घरात दोन्ही असतात.

दुसरी पायरी: साठवण

कोंड्यात तेल असतं, आणि ते तेल फोडणारं विकरही तिथेच असतं. तूस असेपर्यंत दोघं वेगळे राहतात, सडताना एकत्र येतात आणि खवटपणाला सुरुवात होते. म्हणून आपले जुने लोक तांदूळ साठवत नसत, भात साठवत. पेंढ्याचे मुडे बांधून भात ठेवायचं आणि लागेल तसं कांडायचं. आज घरात मुडा नसला तरी तत्त्व तेच: बिनपॉलिशचा तांदूळ महिन्या-दोन महिन्यांपुरताच आणा, हवाबंद डब्यात आणि अंधारात ठेवा. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत तो फ्रिजमध्ये ठेवलेला उत्तम.

तिसरी पायरी: धुणं, भिजवणं, शिजवणं

धुणं एकदाच, हलक्या हाताने. तीन-चार पाण्यांनी चोळून धुतलेल्या काळ्या तांदळाचा बराच जीव मोरीत जातो. ते जांभळं पाणी बघून आपल्याला मळ गेल्यासारखं वाटतं, आणि जातो तो रंग. मग रात्रभर भिजत घाला आणि शिजवायला तेच पाणी वापरा. उन्हाळ्यात भिजवलेलं भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत आंबूस वास येतो.

उष्णतेने अँथोसायनिन तुटतात, हे टाळता येत नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काळा तांदूळ तीन तऱ्हांनी शिजवून पाहिला होता. मुख्य रंगद्रव्य प्रेशर कुकरमध्ये जवळजवळ ८० टक्के घटलं, विजेच्या राइस कुकरमध्ये ७४ टक्के आणि गॅसवरच्या साध्या भांड्यात ६५ टक्के. पण त्याच वेळी प्रोटोकॅटेच्यूइक आम्ल जवळपास तिप्पट झालं. म्हणजे सगळं वाया गेलं नाही, काहींचं रूप बदललं. मी तरी यावरून एवढाच धडा घेते की वेळ असेल तेव्हा भांड्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर शिजवावं. घाईच्या दिवशी कुकर लावला म्हणून मन खट्टू करून घेऊ नये.

लाल सुरय तांदळाचा मोकळा भात करायचा असेल तर एका वाटीला अडीच ते तीन वाट्या पाणी, भिजवल्याचं पाणी धरून. उकळी आली की आच बारीक करा, झाकण ठेवा. ३५ ते ४० मिनिटं लागतात. पाणी पूर्ण जिरू द्या. वेळून, म्हणजे वरचं पाणी निथळून, टाकू नका, कारण त्या पेजेबरोबर रंगही जातो. वेळायचाच असेल तर ती पेज मीठ घालून प्या.

उकड्याची पेज अगदी साधी. एक वाटी तांदूळ, सात-आठ वाट्या पाणी, मंद आचेवर तास-पाऊण तास, दाणा फुटून मऊ होईपर्यंत. मीठ शेवटी. वर चमचाभर साजूक तूप किंवा ओलं खोबरं घ्या. ओरायझॅनॉल आणि टोकोट्रायनॉल स्निग्ध पदार्थात विरघळणारे, ते अंगी लागायला थोडी चरबी हवीच.

काळ्या तांदळाच्या पेजेत मी दोन आमसुलं टाकते, पण तांदूळ अर्धा शिजल्यावर. आधी टाकली तर दाणा लवकर मऊ होत नाही. आंबटपणात अँथोसायनिन जास्त टिकतात. आमसूल पडताक्षणी काळपट-जांभळं पाणी किरमिजी होतं. ते दृश्य मला आजही थांबून बघावंसं वाटतं. कोकमाचं स्वतःचं रंगद्रव्य त्यात मिसळतं ते वेगळंच.

लाल तांदळाचं पीठ करून घावणे, आंबोळ्या, शिरवाळे सगळं होतं. पीठ मात्र पंधरा दिवसांपुरतंच दळा.

चौथी पायरी: किती आणि कशाबरोबर

एका वेळेला माणशी साधारण ६० ते ७० ग्रॅम कच्चा तांदूळ, दिवसातून एकदा, पांढऱ्याच्या जागी. पांढऱ्याच्या वर भर म्हणून नव्हे. मधुमेह असेल तर लक्षात ठेवा की रंगीत असला तरी हा तांदूळच आहे, तोंडाची चव बघून वाटी वाढवू नये. रक्तातली साखर सतत जास्त राहिली तर ती कोलॅजेनला चिकटून धागे कडक करते, म्हणजे त्वचेचंही नुकसानच.

तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. रक्त कमी असणाऱ्या बायकांनी जेवणाबरोबर लिंबाची फोड, कैरी किंवा आवळा घ्यावा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. कोंड्यात आर्सेनिकही पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त साठतं, त्यामुळे तिन्ही त्रिकाळ तांदूळच असं करू नका. आठवड्यात दोन-तीन दिवस नाचणीची भाकरी ठेवा. लहान बाळांच्या बाबतीत तर हे नक्कीच.

पाचवी पायरी: वरून लावणं

जपानमध्ये तांदळाचा कोंडा छोट्या कापडी पिशवीत घालून त्याने चेहरा धुण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे पुरचुंडी बांधून ते सहज जमतं. पण कोंड्याची खात्री करा. साध्या हलर गिरणीतून निघालेल्या कोंड्यात तुसाचे बारीक तुकडे मिसळलेले असतात. तुसात सिलिका असते, ती काचेच्या चुऱ्यासारखी त्वचा ओरखडते. म्हणून कोंडा आधी वस्त्रगाळ करा. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजा. त्याने खवट करणारं विकर मरतं. गार झाल्यावर बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा.

दोन चमचे कोंडा मलमलच्या दुहेरी फडक्यात बांधा, कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवा, पिळा. पांढरट दुधासारखं पाणी येईल. ती पुरचुंडी ओल्या चेहऱ्यावर मिनिटभर टेकवत फिरवा. घासायचं नाही, टेकवायचं. साध्या पाण्याने धुऊन, चेहरा किंचित ओला असतानाच मॉइश्चरायझर लावा. आठवड्यातून दोनदा पुरे. लेप हवा असेल तर कोंडा ताज्या दह्यात कालवून दहा मिनिटं ठेवा आणि वाळून ताणायच्या आत धुवा. लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यावर अजिबात नको: लिंबाने त्वचा जळजळते आणि उन्हात डाग पडू शकतात. तांदळाचं धुवण दोन-तीन दिवस आंबवून लावण्याचे सल्लेही फिरतात. घरच्या भांड्यात त्यात कोणते जिवाणू वाढले ते आपल्याला दिसत नाही. मी ते लावत नाही, कुणाला सांगतही नाही.

पहिल्यांदा काहीही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस वाट पाहा. खाज, लाली आली तर विषय तिथेच संपवा.

यातून काय मिळतं? मऊपणा, थोडा ओलावा, हलकी सफाई. सिरममधल्या फेरुलिक आम्लाशी याची तुलना करू नका. २००५ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी १५ टक्के क आणि १ टक्का इ जीवनसत्त्वाच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातलं, तेव्हा उन्हापासून मिळणारं संरक्षण दुप्पट झालं. ते शुद्ध द्रव्य, ठरावीक प्रमाणात, ठरावीक आंबटपणात होतं. कोंड्यातलं फेरुलिक आम्ल धाग्यांना बांधलेलं असतं, दहा मिनिटांच्या लेपात ते सुटून त्वचेत शिरत नाही. विकतचं घ्यायचं असेल तर बाटलीवरची घटकांची यादी वाचा. तांदळाचं नाव तिथे ‘ओरायझा सटायव्हा’ असं असतं. ते सुगंधाच्याही खाली, अगदी शेवटी असेल तर बाटलीत तांदूळ नावापुरताच आहे.

कोरड्या टाचा, कोपरं यांसाठी मात्र आपल्याकडे याहून चांगलं औषध आहे: कोकमाच्या बियांचं तेल, मुठेल किंवा भिरंडेल. थंडीत ते दगडासारखं घट्ट असतं. तळहातावर चोळलं की अंगाच्या उबेने वितळतं. रात्री टाचांना लावून मोजे घालावेत.

सहावी पायरी, खरं तर पहिलीच: ऊन

वर सांगितलेलं सगळं केलं आणि उघड्या तोंडाने भर दुपारी वाळूत फिरलो, तर तांदूळ काही करू शकत नाही. कोंडा किंवा कोंड्याचं तेल हे सनस्क्रीन नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त, अ आणि ब दोन्ही अतिनील किरण अडवणारं सनस्क्रीन घ्या. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ढगांतूनही अतिनील किरण येतात, तेव्हा पावसाळ्यातल्या भातलावणीच्या चिखलातही ते लागतंच. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त कामाचं. शेतात इरलं जाऊन प्लास्टिक आलं, पण रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा यांना अजूनही तोड नाही.

वाट किती पाहायची

त्वचेचा वरचा थर बदलायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, वय वाढतं तशी ही मुदतही वाढते. म्हणून तीन महिन्यांच्या आत निकाल लावू नका. सुरुवातीला खिडकीजवळ, एकाच वेळेच्या उजेडात फोटो काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी तसाच दुसरा काढा. कोरडेपणा आणि निस्तेजपणा यांत फरक दिसू शकतो. वांग पसरत असेल, तिळाचा आकार किंवा रंग बदलत असेल, तर घरगुती काहीही न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि दुकानातून कुणी ‘गोरं करणारी’ म्हणून दिलेली क्रीम आधीपासून लावत असाल, तर तीही बरोबर न्या. अशा क्रीममध्ये कित्येकदा स्टेरॉइड असतं, त्वचा त्याने पातळ होते, आणि ती एकदम बंद केली तर चेहरा भडकतो. ती कशी थांबवायची हे डॉक्टरांनीच ठरवावं.